गिरिभ्रमणातील हलक्या काठ्यांची निवड आणि वापर : खानदेशातील डोंगरवाटांच्या संदर्भात

सारांश

गिरिभ्रमणासाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या, लांबी कमी-अधिक करता येणाऱ्या काठ्या गेल्या काही दशकांत भारतीय बाजारपेठेत सहज मिळू लागल्या आहेत. मात्र त्यांची निवड बहुधा वजन व किंमत या दोनच निकषांवर होते आणि वापराचे तंत्र दुर्लक्षित राहते. जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या परिसरातील डोंगर बेसाल्ट खडकाचे, पायऱ्यापायऱ्यांचे व घसाऱ्याचे आहेत. अशा भूमीवर काठीचा खरा उपयोग चढण्यापेक्षा उतरताना होतो. काठी किती हलकी आहे यापेक्षा तिची लांबी योग्य आहे का, तिची कळ भार पेलते का आणि ती योग्य रीतीने टेकवली जाते का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. शेवटी बांबूची पारंपरिक काठी व हिमप्रदेशातील स्कीची काठी यांचाही तुलनेसाठी विचार केला आहे.

बीजशब्द : गिरिभ्रमण, काठी, खानदेश, बेसाल्ट, घसारा, गुडघ्यावरील भार, स्की.

१. प्रस्तावना

मानवाने चालताना काठीचा आधार केव्हा घेतला, हे सांगणे अशक्य आहे. मेंढपाळ, वाटसरू, वारकरी, वनवासी या सर्वांच्या हातात काठी आहे. खानदेशापुरते बोलायचे झाल्यास धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळ, सातपुड्यातील पावरा व भिल्ल बांधव आणि चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघणारे भाविक यांना काठीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती शहरात वाढलेल्या, सुटीच्या दिवशी डोंगराकडे वळणाऱ्या वर्गाला. या वर्गात दोन परस्परविरोधी समज रूढ आहेत. काठी हे वार्धक्याचे लक्षण आहे, सबब तरुणाने ती हाती घेऊ नये, हा पहिला समज होय. महागडी काठी घेतली की डोंगर आपोआप सोपा होतो, हा दुसरा. दोन्ही समज सारखेच हानिकारक आहेत. पहिल्यामुळे अनेक जण पन्नाशीपूर्वीच गुडघे दुखतात म्हणून डोंगर सोडतात. दुसऱ्यामुळे अनेक जण चुकीच्या लांबीची काठी चुकीच्या जागी टेकवून पडतात.

डोंगरावर होणारी इजा ही तेथील अंतरामुळे अधिक गंभीर ठरते. मोटाररस्त्यापासून दोन तासांच्या अंतरावर मुरगळलेला घोटा ही किरकोळ बाब राहत नाही. जखमी व्यक्तीला खाली आणण्यासाठी चार माणसे, झोळी आणि दिवसाचा उरलेला उजेड लागतो. म्हणून काठीची निवड हा हौसेचा नसून सुरक्षिततेचा विषय आहे.

२. आधुनिक काठीची पूर्वपीठिका

आजची गिरिभ्रमणाची काठी ही स्कीच्या काठीची वंशज आहे. बर्फावरून घसरत जाण्यासाठी उत्तर युरोपात प्राचीन काळापासून लाकडी पट्ट्या व काठी वापरात होती. प्रारंभी एकच लांब काठी असे. पुढे दोन काठ्यांची पद्धत रूढ झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कीच्या काठ्यांसाठी बांबूचा मोठ्या प्रमाणावर वापर होत असे. त्यानंतर पोलाद आले आणि १९५८ साली अमेरिकेतील एड स्कॉट यांनी अ‍ॅल्युमिनियमची निमुळती, हलकी काठी प्रचारात आणली. १९७४ साली जर्मनीतील लेकी या कंपनीने ‘मकालू’ या नावाने लांबी बदलता येणारी काठी बाजारात आणली. हिमालयातील शिखराचे नाव धारण करणाऱ्या या काठीपासून गिरिभ्रमणासाठी स्वतंत्र काठी ही कल्पना सर्वत्र पसरली. १९९० च्या दशकात फिनलंडमध्ये दोन काठ्या घेऊन सपाटीवर चालण्याचा व्यायामप्रकारही लोकप्रिय झाला.

अर्थात ज्या बांबूला युरोपने कालांतराने बाजूस सारले, तो सातपुड्याच्या पायथ्याशी आजही काठीसाठी वापरला जातो. जुनी काठी व नवी काठी यांच्यातील हा संबंध पुढील विवेचनात लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल.

३. खानदेशातील डोंगरांचे स्वरूप

काठीची निवड ही भूमीच्या स्वरूपावर अवलंबून असल्याने प्रथम भूमीचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. तापी नदीच्या खोऱ्याला उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग व गाळण्याचे डोंगर आणि पश्चिमेस सह्याद्री अशी सीमा लाभली आहे. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातील मनुदेवी, रावेर तालुक्यातील पाल, चाळीसगावजवळील पाटणादेवी व त्यालगतचा कण्हेरगड. धुळे जिल्ह्यात लळिंग, सोनगीर व साक्री तालुक्यातील भामेर हे किल्ले ही येथील पदभ्रमणाची परिचित ठिकाणे होत. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ व अस्तंभा ही ठिकाणे आहेत. दिवाळीच्या सुमारास अस्तंभ्याच्या यात्रेला मोठ्या संख्येने भाविक जातात. शेजारच्या बागलाणात महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला साल्हेर (१,५६७ मीटर) आणि मांगी-तुंगीची जोड शिखरे आहेत.

हे सर्व डोंगर मुख्यत्वे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाले आहेत. या खडकाच्या ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे आणि तो येथे अक्षरशः खरा ठरतो. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली मऊ थराचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी या डोंगरांची रचना असते. उतारावर झिजलेल्या खडकाचा मुरूम व सुटे दगड साचतात. गिरिभ्रमण करणारे यालाच ‘घसारा’ म्हणतात. त्यावर पाऊल टेकले की पायाखालचा थर सरकतो.

ऋतुमानानुसार या वाटांचे रूप पालटते. पावसाळ्यात पायथ्याची काळी माती चिकट होते व कातळावर शेवाळ धरते. पावसाळा सरल्यावर उंच वाढलेले गवत वाळते आणि आडवे पडून घसाऱ्यावर निसरडे आवरण तयार करते. माघ-फाल्गुनात सातपुड्यातील सागाची पाने गळतात. त्या जाड पाचोळ्याखाली दगड कोठे व खळगा कोठे हे दिसत नाही. चैत्र-वैशाखात जळगावचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. काठी निवडताना या चारही अवस्थांचा विचार व्हावयास हवा.

४. काठी नेमके काय करते?

चढताना काठीमुळे हात व खांदे यांचे बळ पायांच्या मदतीस येते. त्यामुळे पायांना श्रम कमी जाणवतात. मात्र एकूण शरीराला लागणारी ऊर्जा कमी होत नाही. हातांचे स्नायूही कामाला लागल्याने ती काही वेळा किंचित वाढतेच. हा मुद्दा खानदेशच्या उन्हात विसरून चालणार नाही. काठी घेतली म्हणून पाणी कमी नेणे ही गंभीर चूक ठरेल.

उतरताना चित्र वेगळे असते. उताराच्या प्रत्येक पावलाला शरीराचे वजन खालच्या पायावर आदळते आणि मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना तो आघात रोखावा लागतो. गुडघ्याच्या वाटीमागील भागावर याचा मोठा दाब येतो. ऑस्ट्रियातील श्वामेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर काठ्यांसह व काठ्यांविना चालणाऱ्यांच्या गुडघ्यावरील बलांचे मापन केले. काठ्यांच्या वापराने गुडघ्याच्या सांध्यावरील विविध कमाल बले सुमारे १२ ते २५ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या हॉवटसन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात वेल्समधील स्नोडन पर्वतावर ३७ व्यक्तींची चढ-उतार तपासण्यात आली. काठ्या वापरणाऱ्या गटात नंतरची स्नायूंची दुखण कमी होती व स्नायूंची ताकद लवकर पूर्ववत झाली.

एका साध्या आकडेमोडीने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एखाद्याला ३०० मीटर उंची उतरावयाची आहे आणि प्रत्येक पावलाला तो सरासरी २० सेंटीमीटर खाली येतो. म्हणजे त्याला १,५०० पावले टाकावी लागतील. प्रत्येक पावलाला काठीने केवळ ५ किलोग्रॅमचा भार स्वतःवर घेतला, असे गृहीत धरले तरी संपूर्ण उतारात पायांवरून दूर झालेल्या भाराची बेरीज ७,५०० किलोग्रॅम होते. एका पावलाला क्षुल्लक वाटणारी मदत दिवसाअखेर मोठी ठरते ती अशी.

काठीचे दुसरे कार्य तोलाचे आहे. दोन पाय व दोन काठ्या मिळून चार आधार होतात. एक पाय उचललेला असतानाही तीन आधार जमिनीवर राहू शकतात. घसाऱ्यावर एक आधार सरकला तरी उरलेले शरीर सावरतात. तिसरे कार्य चाचपणीचे आहे. पाचोळ्याखालील खळगा, ओढ्यातील पाण्याची खोली, दगड पक्का आहे की डळमळीत आहे, हे पाय टाकण्याआधी काठीने पाहता येते. उंच गवतात पुढे काठी आपटत गेल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांना बाजूला होण्यास अवधी मिळतो, हा अनुभव ग्रामीण भागात सर्वांना आहे.

५. निवडीचे निकष

५.१ लांबी

सर्व निकषांत लांबीचा निकष पहिला मानावा. सपाट जागी बूट घालून उभे राहावे, काठीचे टोक पावलाजवळ टेकवावे आणि मूठ धरावी. अशा वेळी कोपर साधारण काटकोनात असल्यास लांबी योग्य समजावी. अंदाजासाठी स्वतःच्या उंचीला ०.६८ ने गुणावे. या हिशेबाने १५० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीस सुमारे १०२, १६० सेंटीमीटरच्या व्यक्तीस सुमारे १०९ आणि १७० सेंटीमीटरच्या व्यक्तीस सुमारे ११६ सेंटीमीटरची काठी लागते.

दीर्घ चढावर ही लांबी ५ ते १० सेंटीमीटरने कमी व दीर्घ उतारावर तितकीच अधिक करावी लागते. येथे एक व्यावहारिक अडचण उद्भवते. घडीच्या काही काठ्यांची लांबी केवळ ११० ते १३० सेंटीमीटर या मर्यादेतच बदलते. दीडशे सेंटीमीटरच्या आसपास उंची असलेल्या स्त्रियांना ती सपाटीवरही उंच पडते आणि चढावर तर हात खांद्यापर्यंत उचलावा लागतो. म्हणून खरेदी करताना काठीची कमाल लांबी पाहण्याऐवजी किमान उपयुक्त लांबी पाहणे अधिक गरजेचे आहे.

५.२ धातू व वजन

बाजारातील हलक्या काठ्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात : अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या व कार्बन तंतूच्या. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन काठ्यांचे मिळून वजन साधारणतः ४५० ते ६०० ग्रॅम, तर कार्बनच्या जोडीचे बहुधा ३०० ते ४५० ग्रॅम असते. हा फरक अगदीच नगण्य नाही. दहा किलोमीटरच्या वाटेवर ७० सेंटीमीटरचे एक पाऊल धरल्यास सुमारे १४,००० पावले होतात; म्हणजे प्रत्येक काठी सुमारे ७,००० वेळा उचलली जाते. एका काठीत १०० ग्रॅमची बचत झाल्यास त्या हाताने दिवसभरात उचललेले ओझे एकूण ७०० किलोग्रॅमने घटते.

तथापि हलकेपणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. कार्बन तंतूची नळी लांबीच्या दिशेने येणारा भार उत्तम पेलते. परंतु आडव्या आघाताने किंवा धारदार दगडाने पडलेल्या खाचेमुळे ती पूर्वसूचना न देता मोडू शकते. अ‍ॅल्युमिनियमची काठी अशा प्रसंगी बहुधा वाकते आणि वाकलेली काठी घेऊन माणूस निदान खाली तरी येऊ शकतो. बेसाल्टच्या दगडांच्या फटीत टोक अडकून काठीवर आडवा ताण येणे ही खानदेशातील डोंगरांवर नेहमीची घटना आहे. त्यामुळे येथे प्रथम काठी घेणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमची निवड करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. सपाट, मळलेल्या वाटेवरून दीर्घ अंतर चालणाऱ्यास कार्बनची काठी लाभदायक ठरते.

५.३ कळ

लांबी स्थिर करणारी कळ हा काठीचा सर्वांत नाजूक भाग होय. पिळून घट्ट करावयाची, बाहेरून खटक्याने दाबावयाची आणि घडीच्या काठीतील बोंडीची असे तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. पिळाची कळ स्वस्त काठ्यांत आढळते. तिच्यात धूळ वा ओल गेल्यास ती घट्ट होऊनही भाराखाली सरकते. उतारावर पूर्ण भार टाकल्यावर काठी एकाएकी आखूड होणे याहून घातक काही नाही. बाहेरच्या खटक्याची कळ डोळ्यांनी तपासता येते व तिचा स्क्रू आवळता येतो. खानदेशातील धूळ लक्षात घेता हाच प्रकार अधिक विश्वसनीय होय. दुकानातच काठी हवी तितकी लांब करून, मुठीवर शरीराचा भार टाकून ती सरकते का, हे पाहावे. नळीवर कमाल लांबीची खूण असते. तिच्यापलीकडे काठी कधीही ओढू नये.

५.४ मूठ व मनगटपट्टा

मूठ रबर, फोम किंवा बुचाच्या लाकडाची असते. रबराची मूठ थंडीत व पावसात चांगली. परंतु घामेजलेल्या हाताला ती घासून फोड येऊ शकतात. उष्ण प्रदेशात फोमची किंवा बुचाची मूठ अधिक सुखावह ठरते. मुठीखाली नळीवरही फोमचे आवरण असल्यास अल्प चढावर लांबी न बदलता हात खाली सरकवता येतो. उन्हात तापलेल्या उघड्या धातूला हात लावण्याचा प्रसंगही त्यामुळे टळतो.

५.५ टोक, टोपी व चकती

बहुतेक चांगल्या काठ्यांचे टोक टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे असते. माती, मुरूम व खडबडीत कातळ यांवर ते रुतते. गुळगुळीत खडक, फरशी, काँक्रीट व डांबरी रस्ता यांवर ते निसटते. तेथे रबरी टोपी चढवावी. टोकाच्या वर बसवलेली लहान चकती काठीला मऊ जमिनीत खोल रुतू देत नाही. काळ्या मातीच्या शेतवाटेवर मात्र मोठ्या चकतीला चिखलाचे गोळे चिकटून काठी जड होते. म्हणून लहान चकतीच ठेवावी.

पुरातन वास्तूंच्या ठिकाणी रबरी टोपी अनिवार्य मानली पाहिजे. पाटणादेवी परिसरातील प्राचीन मंदिरे, तेथून जवळ असलेली पितळखोऱ्याची लेणी, भामेरची कोरीव लेणी या ठिकाणी उघडे कार्बाइडचे टोक टेकवल्यास शतकांपूर्वीच्या दगडावर ओरखडे उठतात. अशा ठिकाणी काठी बाहेर ठेवणे हेच अधिक उचित होय.

६. वापराचे तंत्र

सपाट वाट : उजव्या पायाबरोबर डावी काठी व डाव्या पायाबरोबर उजवी काठी पुढे यावी. काठी शरीरापुढे फार दूर न टेकवता तिचे टोक किंचित मागे झुकलेले ठेवावे, म्हणजे ती शरीराला पुढे ढकलते. मनगटपट्ट्यात हात खालून वर घालून पट्टा व मूठ एकत्र धरावी. त्यामुळे भार पट्ट्यावर येतो व मूठ आवळून धरावी लागत नाही.

चढ : काठी आखूड करावी व पावलाच्या शेजारी टेकवावी. उंच पायरी असल्यास दोन्ही काठ्या एकाच वेळी वरच्या पायरीवर टेकवून शरीर वर उचलावे. काठीने शरीर ओढण्यापेक्षा खाली रेटणे योग्य.

उतार : काठी लांब करावी. आधी काठी टेकवावी, ती स्थिर झाल्याची खात्री करावी, मगच पाय टाकावा. कोपर व गुडघे किंचित वाकलेले असावेत. काठीवर छाती झोकून देऊ नये, कारण काठी सरकल्यास तोंडघशी पडण्याचा धोका असतो. घाई करणाऱ्याच्या हातून नेमका हाच क्रम उलटा होतो : पाय आधी पडतो व काठी नुसतीच मागून येते. अशा वेळी काठीचा गुडघ्याला काहीही लाभ होत नाही.

आडवा उतार : डोंगराच्या कुशीतून आडवे जाताना दरीकडील काठी लांब व डोंगराकडील काठी आखूड ठेवावी. अंतर थोडे असल्यास डोंगराकडील काठी मुठीखाली धरणे पुरेसे आहे.

घसारा व दगडांची रास : येथे मनगट पट्ट्यातून सोडवून घ्यावे. टोक फटीत अडकले असता पट्ट्यात गुंतलेला हात मनगटाला इजा करतो अथवा माणसाला खाली खेचतो. एकामागून एक चालणाऱ्यांनी परस्परांत पुरेसे अंतर ठेवावे, कारण मागच्याच्या काठीने सुटलेला दगड पुढच्याच्या अंगावर जातो.

ओढा ओलांडताना : पट्टे सोडवावेत, पाठीवरील पिशवीचा कमरपट्टा मोकळा करावा आणि प्रवाह जिकडून येतो त्या दिशेला तोंड करून एका वेळी एकच आधार हलवावा. पावसाळ्यात मनुदेवीसारख्या धबधब्याच्या परिसरात किंवा सातपुड्यातील नाल्यांत पाणी अल्पावधीत वाढते. गढूळ, वेगवान पाण्यात काठीच्या भरवशावर उतरणे टाळावे.

कातळटप्पा : जेथे हातांनी धरून चढावे लागते, तेथे काठ्या मिटवून पिशवीला बांधाव्यात. टोके खाली व टोपीसह असावीत. एका हातात काठी व दुसऱ्या हाताने खोबणी धरणे ही अनेक अपघातांना निमंत्रण देणारी सवय होय. वादळी हवेत उघड्या धारेवर थांबू नये व काठ्या उभ्या धरून चालू नये.

७. काठीच्या मर्यादा

आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय आयोगाने काठ्यांचा पुरस्कार करताना एक इशाराही दिला आहे. ज्येष्ठ व्यक्ती, स्थूल व्यक्ती, गुडघ्याचे वा पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या व्यक्ती आणि जड ओझे वाहणारे यांना काठ्या विशेष उपयुक्त आहेत. परंतु सदासर्वकाळ काठ्या वापरल्यास शरीराची तोल सांभाळण्याची नैसर्गिक क्षमता उणावते. जेथे काठी वापरताच येत नाही अशा अवघड टप्प्यावर ही उणीव जाणवते. त्यामुळे निरोगी तरुणांनी सोप्या चढावर व सपाटीवर काठ्या मिटवून चालण्याचा सराव ठेवावा आणि उतार, ओझे व निसरडी वाट यांसाठी त्या राखून ठेवाव्यात. गुडघेदुखी कायम असल्यास काठी हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय ठरत नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

८. बांबूची काठी : एक तुलना

खरेदी केलेल्या काठ्यांच्या जोडीची किंमत काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढेही जाते. प्रत्येकाला ती परवडेलच असे नाही. सातपुड्यात आढळणारा मानवेल जातीचा बांबू भरीव, चिवट व लवचिक असतो. खांद्याइतक्या उंचीची, बुडाला लोखंडी शेंबी बसवलेली बांबूची एक काठी अनेक बाबतींत सरस ठरते. तिला कळ नसल्याने ती सरकत नाही. चढावर हात खाली व उतारावर हात वर धरला की लांबी आपोआप बदलते. तेथे सेंटीमीटरच्या खुणा पाहाव्या लागत नाहीत. ओढ्यात तिचा आधार भक्कम वाटतो.

तिच्या उणिवाही आहेत. ती जड असते, मिटवता येत नाही, बसमध्ये अडचण करते आणि एकच असल्याने भार दोन्ही बाजूंना सारखा विभागला जात नाही. नुसत्या बांबूचे टोक कातळावर फुटून बोथट होते. म्हणून शेंबी आवश्यक आहे. अशी काठी बुरूडांकडून विकत घ्यावी. यावल किंवा गौताळा-औट्रमघाट यांसारख्या अभयारण्यांत बांबू तोडणे हा गुन्हा आहे. थोडक्यात, योग्य उंचीची व नीट टेकवलेली बांबूची काठी चुकीच्या लांबीच्या महागड्या काठीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ होय. चैत्रात उन्हातान्हात सप्तशृंगीच्या गडाकडे जाणाऱ्या किंवा आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीसोबत चालणाऱ्या ज्येष्ठांना हे विशेषत्वाने सांगावयास हवे. डांबरी रस्त्यावर शेंबी निसटते. तेथे टोकाला रबरी बूच लावल्यास पुरे.

९. स्कीची काठी व हिमालयातील वापर

खानदेशातील महाविद्यालयीन युवक आता केदारकंठासारख्या हिमाच्छादित वाटांवर व गुलमर्ग, औली येथील स्की प्रशिक्षणासाठीही जातात. त्यांना दोन्ही काठ्यांमधील भेद माहीत असावा. उतारावरील स्कीची काठी सामान्यतः एकाच लांबीची असते. ती उलटी करून चकतीच्या लगत खाली धरली असता कोपर काटकोनात आल्यास लांबी योग्य समजतात. ही लांबी उंचीच्या साधारण ०.७ पट भरते. सपाट हिमावरून दूर अंतर जाण्याच्या स्कीप्रकारात काठी याहून बरीच लांब, खांद्याच्या आसपास पोहोचणारी असते. भार पेलण्यासाठी नव्हे, तर वळण घेण्याचा क्षण साधण्यासाठी उतारावरील स्कीमध्ये काठी टेकवतात.

भुसभुशीत हिमात गिरिभ्रमणाची काठी वापरावयाची असल्यास तिला रुंद चकती बसवावी, अन्यथा ती मुठीपर्यंत आत जाते. स्की करताना पडल्यास मूठ व पट्टा यांत अडकलेल्या अंगठ्याच्या सांध्याला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून पडताना काठी सोडून देण्याचा सराव करावा. हिमस्खलनाचा धोका असलेल्या उतारावर पट्टे घालूच नयेत. तीव्र, कठीण बर्फाच्या उतारावर काठी ही हिमकुऱ्हाडीची जागा घेऊ शकत नाही, हे प्रत्येक नवशिक्याने पक्के ध्यानात ठेवावे. विमानप्रवासात काठ्या हातसामानात न ठेवता मोठ्या सामानात द्याव्यात.

१०. निगा

प्रत्येक भ्रमणानंतर काठीचे भाग सुटे करून ओल्या फडक्याने पुसावेत व सावलीत पूर्ण वाळू द्यावेत. ओल राहिल्यास अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा थर धरतो व भाग एकमेकांत अडकतात. नळीला तेल लावू नये. तेलामुळे कळीची पकड सुटते. कार्बनच्या नळीवर खोल खाच दिसल्यास तो भाग बदलावा. झिजलेले टोक व फाटलेली रबरी टोपी वेळीच बदलल्यास काठी अनेक वर्षे टिकते.

११. निष्कर्ष

१. खानदेशातील पायरीवजा व घसाऱ्याच्या डोंगरांवर काठीचा प्रमुख लाभ उतरताना मिळतो. गुडघ्यावरील भार घटवणे व तोल राखणे ही तिची मुख्य कार्ये होत.

२. निवडीचा क्रम लांबी, कळ, मजबुती व त्यानंतर वजन असा असावा. केवळ हलकेपणावर केलेली निवड या भूमीवर फसवी ठरू शकते.

३. नवशिक्यास खटक्याच्या कळीची अ‍ॅल्युमिनियमची जोडी उपयुक्त आहे. कमी उंचीच्या व्यक्तींनी काठीची किमान लांबी आवर्जून तपासावी.

४. तंत्राविना साधन निरुपयोगी ठरते. ‘आधी काठी, मग पाय’ हा उतारावरील नियम व ‘दगडांत पट्टा सोडा’ हा घसाऱ्यावरील नियम अंगवळणी पडावा.

५. आर्थिकदृष्ट्या आधुनिक काठी शक्य नसल्यास शेंबी बसवलेली बांबूची काठी हा खात्रीचा पर्याय आहे.

महाविद्यालयांचे क्रीडा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना व राष्ट्रीय छात्रसेनेची पथके पदभ्रमण मोहिमा काढतात. मोहिमेपूर्वी लहानशा टेकडीवर तासभर काठीचा सराव घेणे त्यांना सहज शक्य आहे. त्यासाठी मोठा खर्चही येत नाही. शिखरावर पोहोचल्यावर निम्मीच वाट संपलेली असते आणि थकलेल्या पायांनी करावयाची उरलेली निम्मी वाट अधिक धोक्याची असते. ती सुखरूप पार पडावी, इतकेच काम काठीकडून अपेक्षित आहे आणि योग्य निवड व योग्य वापर झाल्यास ते ती चोख करते.